शिट्टी वाजली की ती स्वयंपाकघरातून पळते

प्रश्न असा आला आहे: "आम्ही पुण्यात पेठेत राहतो. माझी मुलगी १ वर्ष १० महिन्यांची आहे. मिक्सर लावला की किंचाळते, कुकरची शिट्टी झाली की थरथर कापते. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशाचं पथक आमच्या चौकात अर्धा तास थांबलं होतं, तेव्हापासून हे फार वाढलंय. आता तर कुकर बंद असला तरी ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. सासूबाई म्हणतात, घाबरट होईल, मुद्दाम आवाजाजवळ नेत जा, सवय होईल. दिवाळी पाच आठवड्यांवर आलीय. तिच्यात काही दोष आहे का? शिवाय माझ्या बहिणीचं दोन महिन्यांचं बाळ जराशा आवाजाने दचकतं. तेही असंच होईल का?"

आधी बहिणीच्या बाळाचं सांगते, कारण ते सोपं आहे. दोन महिन्यांचं बाळ दचकतं तेव्हा ते घाबरलेलं असतंच असं नाही. भांडं पडलं, दार आपटलं की दोन्ही हात झटकन फाकतात, बोटं पसरतात, मग हात छातीशी येतात आणि रडू फुटतं. याला आम्ही मोरो प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो. जन्मतःच ती असते आणि चार ते सहा महिन्यांत आपोआप मावळते. बाळाची मज्जासंस्था ठीक काम करतेय याची ती खूण आहे. असं दचकल्यावर बाळाच्या छातीवर तळहात टेकवून ठेवायचा, दोन्ही हात हलकेच छातीशी आणायचे, बस्स. घरात सगळ्यांनी चवड्यांवर चालायची, कुजबुजत बोलायची काही गरज नाही. पोटात असताना सहाव्या-सातव्या महिन्यापासून त्याने आईचा आवाज आणि तिच्या हृदयाचे ठोके ऐकलेले आहेत. सुन्न शांतता त्याला ओळखीची नसते.

आता तुमच्या मुलीकडे येते. तुम्ही लिहिलेलं मी तीनदा वाचलं. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की कुकर बंद असला तरी ती स्वयंपाकघरात येत नाही. भीती आवाजावरून जागेवर सरकलीय. हे कसं घडतं याचा एक जुना आणि खरं तर क्रूर प्रयोग आहे. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अल्बर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अकरा महिन्यांच्या बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला. बाळाला उंदराची भीती नव्हती, ते हात पुढे करत होतं. पण त्याने हात लावला की त्याच्या डोक्यामागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असं काही वेळा केलं. थोड्याच दिवसांत बाळ नुसता उंदीर दिसला तरी रडायला लागलं. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट, सगळ्यालाच घाबरायला लागलं. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्यातून जे दिसलं ते तुमच्या घरात रोज दिसतंय. अचानक आलेला मोठा आवाज ही बाळाची उपजत भीती आहे. त्या आवाजाच्या वेळी आजूबाजूला जे काही असतं, ते त्या भीतीला चिकटतं. तुमच्या घरी स्वयंपाकघर चिकटलं.

म्हणूनच "मुद्दाम आवाजाजवळ नेत जा" हे मला मान्य नाही. सासूबाई नातीच्या भल्यासाठीच सांगताहेत, ते उघड आहे, आणि आपल्यातली बहुतेक घरं असंच सांगत आली आहेत. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही आयांना "होईल सवय, लक्ष देऊ नका" असं सांगून पाठवत असे. मग त्याच आया चार महिन्यांनी परत यायच्या. मूल आता मिक्सरलाच नव्हे, मिक्सरच्या वायरलाही घाबरायचं. रडणाऱ्या मुलाला धरून आवाजाजवळ उभं केलं की त्याला आवाजाची सवय होत नाही. त्याला एवढंच कळतं, की आवाज आला की आपल्याला पळता येत नाही आणि जी माणसं आपली, तीच आपल्याला धरून ठेवतात. काही मुलं नंतर गप्प होतात. घरातल्यांना वाटतं भीती गेली. पुष्कळदा ती थिजलेली असतात.

उलट टोकही चुकीचं आहे, हेही लगेच सांगते. काही घरांत मिक्सर लावायचाच नाही, कुकरऐवजी पातेल्यात भात, मुलीला घेऊन सतत दुसरीकडे पळायचं, असं सुरू होतं. आई-आजी दमून जातात, आणि मुलीला वाटतं, मोठी माणसंही याला घाबरतात म्हणजे हे खरंच भयंकर असणार. वर्षाच्या आतबाहेरची मुलं प्रत्येक नव्या गोष्टीला आपला चेहरा बघून जोखतात. शिट्टी झाली की आधी तिचं रडणं आणि त्याच क्षणी तुमचं "अगं बाई, आली वाटतं शिट्टी!" असं धावणं, हे दोन्ही तिच्या मनात एकत्र बसतं.

मग करायचं काय? माझ्या अनुभवात मूल नुसत्या मोठ्या आवाजाला घाबरत नाही. तो कधी येईल ते त्याला माहीत नसतं, कधी थांबेल ते माहीत नसतं, आणि तो थांबवणं त्याच्या हातात नसतं. नीट बघा, हीच मुलगी स्वतः डबा आणि पळी घेऊन बसली तर केवढा गोंगाट करत असेल, आणि खुशीत करत असेल. तो आवाज तिचा असतो. तेव्हा आवाजाची चावी तिच्या हातात द्यायची, एवढंच आपलं काम. ते कसं, ते मिक्सरपासून सांगते, कारण मिक्सर आपल्याला हवा तेव्हा चालू-बंद करता येतो. कुकर ऐकत नाही.

पहिले तीन-चार दिवस मिक्सर चालवायचाच नाही. तो स्वयंपाकघराबाहेर, हॉलमध्ये जमिनीवर आणा, वायर काढून बाजूला ठेवा. पात्याचं भांडं वर कपाटात, कारण पातं धारदार असतं. मिक्सरचं खोकं आणि एक साधं स्टीलचं भांडं एवढंच तिच्यासमोर. त्यात तिचा चेंडू, बाहुली, मुरमुरे, काहीही टाकू दे. तुम्ही तोंडाने "घुर्रर्र" करा, हळू. मग थांबा आणि तिच्याकडे बघा. बहुतेक मुलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतःच "घुर्र" करतात. तेव्हा तिला दोन शब्द द्या: "सुरू" आणि "बंद". ती "बंद" म्हणाली, किंवा नुसता हात वर केला, की तुम्ही लगेच, त्याच क्षणी गप्प व्हायचं. दहा वेळा झालं तरी दहाही वेळा. या खेळातला सगळा अर्थ "बंद" या शब्दात आहे, आणि तो एकदाही फसवायचा नाही.

पुढे मिक्सर ओट्यावर जातो. बाबा आत, तुम्ही आणि ती शक्य तितक्या लांब. तुमच्याकडे गॅलरी असेल तर गॅलरीत, मधली दारं लावून. ती तुमच्या कडेवर, हातात तिला आवडणारं काहीतरी खायला. ती "सुरू" म्हणाली की बाबा दोन सेकंद मिक्सर फिरवतील, दोनच. "बंद" म्हणाली की थांबतील. ती खात राहिली तर अंतर बरोबर आहे. खाणं थांबलं, अंग ताठ झालं, तुमच्या खांद्यात तोंड खुपसलं, तर तुम्ही फार जवळ आहात. रडण्याची वाट बघू नका. रडू फुटलं म्हणजे आपल्याला आधीच उशीर झालाय. एक दार लावा, आणखी मागे जा. दिवसातून एकदा किंवा दोनदा, तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि ती मजेत असतानाच खेळ संपवायचा.

हे खाण्याचं मी उगाच सांगत नाही. वॉटसन यांच्या त्या प्रयोगानंतर चार वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उलट काम केलं. पीटर नावाचा २ वर्षं १० महिन्यांचा मुलगा सशाला आणि केसाळ वस्तूंना घाबरायचा. त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा, त्याच्या खाण्यात खंड पडणार नाही एवढ्याच अंतरावर ठेवायचा. रोज थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला बोटं कुरतडू देत होता. भीती घालवण्याच्या आजच्या उपचारपद्धतींचं मूळ तिथे आहे. मला त्यातली आणखी एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगावीशी वाटते. मध्यंतरी पीटर आजारी पडला, दोन महिने त्याचं येणं थांबलं, आणि इस्पितळातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. भीती पुन्हा होती तिथे गेली. जोन्स यांनी परत सुरुवातीपासून सुरू केलं, आणि ते जमलं. तुमच्याकडेही असं होईल. दोन आठवडे छान जातील आणि मग एखादी सायलेन्सर काढलेली बुलेट खिडकीखालून जाईल. तेव्हा "सगळं पाण्यात गेलं" असं समजू नका, चार पायऱ्या खाली या.

जोन्स यांनी पीटरसोबत न घाबरणारी मुलंही बसवली होती. शेजारचं, चुलत-मावस भावंडांतलं चार-पाच वर्षांचं एखादं मूल तुमच्या "सुरू-बंद" खेळात आलं तर फार उपयोग होतो. फक्त त्याला आधी नीट सांगून ठेवा, चिडवायचं नाही.

कुकरची गोष्ट वेगळी, कारण शिट्टी आपल्या सांगण्यावरून येत नाही. तिथे चावी म्हणजे आगाऊ सूचना. थंड कुकरची शिट्टी काढून तिच्या हातात द्या, घासूनपुसून. ती झाकणावर ठेवणं, काढणं हा खेळ होऊ दे. गॅसवर कुकर असेल तेव्हा तिला स्वयंपाकघराबाहेर, पण जिथून तुम्ही दिसाल तिथे बसवा. कुकर फसफसायला लागला की सांगा, "आता तो शूऽऽ करणार. कान झाक." तिच्या कानांवर तिचे हात, त्यांवर तुमचे. शिट्टी झाली की "झाली! एक." बोटं मोजा. तीन शिट्ट्यांची डाळ असेल तर तीन बोटं आधीच दाखवा. मूल मोजायला लागलं की वाट बघायला लागतं, आणि वाट बघणाऱ्या मुलाला दचकायला फारसं होत नाही. कान झाकणं हा भित्रेपणा नाही, सासूबाईंनाही हे जरूर सांगा. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. हात हीच कानाची पापणी.

आवाज होऊन गेलाच आणि ती घाबरली, तर उचलून घ्या. उचलल्याने लाडावते असं काही नसतं. "काही नाही झालं" असं मात्र म्हणू नका. तिच्या दृष्टीने काहीतरी झालंय, आणि तुम्ही नाही म्हणालात तर ती एकटी पडते. "मोठा आवाज आला. कुकर होता तो. थांबला बघ. मी आहे." एवढं, सावकाश, खालच्या पट्टीत. तुमचा स्वतःचा श्वास आधी संथ करा, छातीशी धरलेल्या मुलाला तो कळतो.

रात्री तिला झोपवताना मागून कुणी "बागुलबुवा आला" म्हणत असेल, किंवा जेवत नाही म्हणून "मिक्सर लावू का?" अशी धमकी देत असेल, तर ते आजपासून बंद. यावर घरात एकदा वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्या. पाच आठवड्यांची मेहनत अशा एका वाक्यात जाते.

दिवाळीबद्दल मात्र मी वेगळं बोलणार आहे, कारण फटाक्याची भीती आणि मिक्सरची भीती यांत फरक आहे. मिक्सर तिला इजा करत नाही. फटाका करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी क्षणिक मोठ्या आवाजाची मर्यादा १२० डेसिबल (आवाजाचा जोर मोजायचं एकक) सांगितली आहे, मोठ्यांसाठी १४०. आणि आपल्याकडच्या १९९९ च्या नियमानुसार फटाका फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबलपर्यंतचा क्षणिक आवाज चालतो. म्हणजे पूर्णपणे कायद्यात बसणारा बॉम्बसुद्धा ४ मीटरवर मुलाच्या मर्यादेच्या २५ डेसिबल वर असू शकतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. हिशेब केलात तर १२० वर यायला साठ-सत्तर मीटर लांब जावं लागतं. पेठेतल्या गल्लीत, दोन्ही बाजूंना इमारती असताना, आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तिथे एवढाही उतार मिळत नाही. शिवाय लहान मुलाची कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळे चिरका आवाज तिच्या पडद्यापर्यंत मोठ्यांपेक्षा जास्त जोराने पोचतो. तेव्हा फटाक्यांना घाबरणारं मूल शहाणं आहे. तिथे तिची भीती घालवायची नाही, तिला लांब ठेवायचं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आठच्या आधीच रस्त्यापासून सगळ्यात लांबची खोली तयार ठेवा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा चालू, तिची नेहमीची गाणी नेहमीच्याच आवाजात. गाणी मोठ्याने लावून फटाके झाकायला जाऊ नका. नरकचतुर्दशीला पहाटे झोपेत असताना पहिली माळ लागते, ती सगळ्यात वाईट, कारण मूल एकटं असतं. त्या रात्री तिला तुमच्याजवळ झोपवा. शक्य असेल तर ते दोन-तीन दिवस कुणाच्या तरी मोकळ्या गावी जा. पळ काढला असं वाटून घेऊ नका.

कान झाकणारे हेडफोनसारखे मफ लहान मुलांच्या मापाचे मिळतात. नीट बसले तर वीस डेसिबलच्या आसपास आवाज कमी करतात. ऐन दिवाळीत पहिल्यांदा घातले तर ती काढून फेकेल, म्हणून आत्तापासून बाहुलीला घाला, तुम्ही घाला, मग तिला अर्धं मिनिट. पण रोज दिवसभर ते घालून फिरवू नका. साध्या आवाजांपासूनही कान सतत झाकले तर कान आणखी हळवे होतात. कापसाच्या बोळ्यांनी फारसं काही अडत नाही. कानात तेल घालू नका. फोमचे छोटे बुच या वयात नकोत, तोंडात गेले तर घशात अडकतील.

ढोलाचंही तसंच. लक्ष्मी रस्त्यावरचा विसर्जनाचा आवाज इथले अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी मोजतात आणि आकडे कित्येकदा ९०, १०० च्या पलीकडे जातात. निवासी भागातली दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ आहे, रात्रीची ४५. मला ढोल मनापासून आवडतो. माझ्या घरातलीच मुलं पथकात वाजवतात. म्हणूनच सांगते, दोन वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन ढोल-ताशाच्या समोर उभं राहू नका, आणि मंडळांनी लहान मुलं दिसली तर पथक चार पावलं पुढे न्यावं, यात उत्सवाचं काही कमी होत नाही. रात्री दहानंतर भिंती हलत असतील तर ११२ वर फोन करायला लाजू नका. पुढच्या वर्षी सराव सुरू होईल तेव्हा एखाद्या विश्रांतीच्या वेळी तिला घेऊन जा. कुणाला तरी विनंती करून, गप्प असलेल्या ढोलावर तिला स्वतःच्या हाताने एक थाप मारू द्या. ती थाप तिची असेल.

आता तुमचा मूळ प्रश्न: तिच्यात काही दोष आहे का? साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आवाजाची भीती अगदी सर्रास दिसते, आणि तुमच्या मुलीच्या भीतीला सुरुवात आहे, कारण आहे. एवढ्यावरून मला काळजी वाटत नाही. इंटरनेटवर तुम्ही स्वमग्नतेबद्दल (ऑटिझमबद्दल) वाचलं असेलच. आवाजाची भीती एकटी असेल तर तिचा अर्थ स्वमग्नता असा होत नाही. पण पुढच्या गोष्टी तुम्ही स्वतः शांतपणे बघा. नावाने हाक मारली की वळते का? हवी ती वस्तू, किंवा आकाशातलं विमान, बोट करून तुम्हाला दाखवते का? अर्थाचे शब्द येतात का, आणि आलेले गेले तर नाहीत ना? तुमच्या डोळ्यांत बघून हसते का? पंखा, नळ, साधं बोलणं अशा रोजच्या आवाजांनाही कान झाकते का? भीतीमुळे झोप किंवा जेवण कोलमडलंय का? यातलं काही खटकलं तर दिवाळीची वाट न बघता बालविकासतज्ज्ञांना भेटा. शासकीय सेवा हवी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी मोफत होते. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून चिठ्ठी मिळते.

आणि एक कान तपासणी काहीही असलं तरी करून घ्या. गणपतीच्या पावसाळी दिवसांत तिला सर्दी झाली होती का? सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून राहतं, कधी ऐकू कमी येतं, कधी मोठा आवाज टोचतो, आणि या वयात मूल "कान दुखतो" असं सांगू शकत नाही, ते फक्त किंचाळतं. कान ओढणं, आडवं केलं की रडणं, कानातून पाणी किंवा पू, यातलं काही असेल तर आधी तो इलाज. कान दुखत असताना "सुरू-बंद" खेळून काही साधणार नाही.

बहिणीला विचारा, बाळाची श्रवणचाचणी जन्मानंतर झाली होती का. ओएई नावाची ती चाचणी झोपेत पाच-दहा मिनिटांत होते. ती पहिल्या महिन्यातच व्हायला हवी, काही शंका निघाली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा नियम आहे. दचकणाऱ्या बाळाची मला चिंता नाही. पण मोठ्या आवाजाला जे बाळ कधीच दचकत नाही, किंवा एकच हात झटकतं, ते मला लगेच बघावंसं वाटतं. बहिणीच्या बाळाची चाचणी राहिली असेल तर याच आठवड्यात करून घ्यायला सांगा.